कॅम्पस बघायला जाताय? नक्की काय बघायचं, एका कुटुंबाच्या निमित्ताने

ॲडमिशनचे दिवस जवळ आले की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो, मॅडम आम्ही मुलाला घेऊन युनिव्हर्सिटी बघायला चाललोय, तिथे नक्की काय बघायचं? आणि त्याहून जास्त पालक बघून आल्यावर येतात, कारण तिथून परतल्यावर घरात एकमत व्हायचं राहिलं बाजूला, वादच सुरू झालेले असतात. असंच एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं. त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलीला मायक्रोबायोलॉजी करायचं होतं, त्याबद्दल घरात कोणाचंच दुमत नव्हतं. दोन युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळण्यासारखा होता आणि दोन्ही बघून झाल्या होत्या. पहिल्या ठिकाणी नेमका ओपन डे होता, म्हणजे मुला-पालकांना बघण्यासाठी कॅम्पस खुला ठेवतात तो दिवस, छान ऊन पडलेलं, स्टॉल लागलेले, गाणी चालू, टीशर्ट घातलेली व्हॉलंटियर मुलं सगळ्यांना फिरवत होती. दुसऱ्या ठिकाणी गेले त्या दिवशी नुसता पाऊस, फिरवायला कोणी नाही, ऑफिसातल्या एकाने हात करून दिशा दाखवली आणि हे तिघं छत्र्या सांभाळत इमारती शोधत बसले. घरी आल्यावर मुलगी म्हणाली पहिलंच. बाबा म्हणाले दुसरं, कारण तिथलं डिपार्टमेंट चांगलं आहे असं त्यांना ओळखीच्या कोणीतरी सांगितलं होतं. आईला दोन्हीपैकी काहीही चाललं असतं, बापलेकीतला अबोला तेवढा संपायला हवा होता.

मी मुलीला विचारलं, पहिल्या ठिकाणी तुला काय आवडलं? उत्तर बाबांनी दिलं, "तिला ना मॅडम, तो स्विमिंग पूल आवडलाय." मी परत तिच्याकडे बघून तेच विचारलं तर आई म्हणाली, "तशी ती सगळीकडे गप्पच असते." मग मी दोघांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. एकटी असताना ती जे बोलली ते मी नंतर कितीतरी पालकांना सांगितलंय. ती म्हणाली, "मला पूलचं काहीच नाहीये. दोन्हीकडे सगळे प्रश्न बाबाच विचारत होते, मी मागे मागे चालत होते. पहिल्या ठिकाणी एक व्हॉलंटियर ताई माझ्याशी बोलली, मला काय शिकायचंय ते विचारलं. बास, तेवढंच."

म्हणजे बघा, घरात जो वाद चालू होता तो दोन युनिव्हर्सिटींचा नव्हताच. बाबा ऐकीव माहितीवर अडून बसले होते आणि मुलगी पाच मिनिटांच्या एका आपुलकीच्या बोलण्यावर, आणि ती ज्या डिपार्टमेंटमध्ये तीन-चार वर्षं काढणार होती तिथल्या लॅबमध्ये तिघांपैकी कोणीच पाऊल ठेवलं नव्हतं. हे खूप घरांमध्ये होतं. गेट, लॉन, ऑडिटोरियम, फोटो आणि परत.

त्या उन्हापावसाबद्दलही मी त्यांच्याशी बोलले. युरी सायमनसन नावाच्या संशोधकाने २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. अभ्यासासाठी कडक असं नाव असलेल्या एका युनिव्हर्सिटीला भेट दिलेल्या १२८४ विद्यार्थ्यांची माहिती त्यात तपासली, भेटीच्या दिवशी आकाश किती ढगाळ होतं आणि पुढे त्यांनी तिथे प्रवेश घेतला का. ज्यांच्या भेटीच्या दिवशी ढग जास्त होते त्यांचं तिथे प्रवेश घेण्याचं प्रमाण जास्त निघालं. ढगाळ दिवशी अभ्यासाकडे ओढा वाढतो असा त्याचा अर्थ लावला गेला. अर्थ बाजूला ठेवा, मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की काही वर्षांचा निर्णय घेताना त्या एका दिवसाची हवासुद्धा आपलं मत फिरवते आणि आपल्याला ते कळतही नाही. म्हणून मी त्यांना म्हटलं की शक्य असेल तर दोन्ही ठिकाणी परत जा, या वेळी ओपन डेला नको, सुट्टीतही नको, लेक्चर चालू असतात अशा साध्या कामाच्या दिवशी जा, आणि आधी फोन करून डिपार्टमेंटकडून लॅब बघायची आणि एका लेक्चरला मागे बसायची परवानगी घ्या. फोन मुलीने करायचा. बाबांना हे जरा जड गेलं पण तयार झाले.

आणि तिथे पोचल्यावर वेगळं व्हायचं. मुलगी डिपार्टमेंटमध्ये, आई-बाबा बाकीच्या कामांना. हा माझा आग्रहच असतो, कारण आई-बाबा शेजारी उभे असले की सिनियर मुलं मोकळं बोलत नाहीत आणि आपलं मूलही विचारत नाही.

मुलीला मी सांगितलं होतं की फर्स्ट इयरची लॅब बघायची, रिसर्चवाल्यांची चकचकीत लॅब दाखवतील ती नाही. एका बॅचला किती मुलं, मायक्रोस्कोप किती, एकावर किती जण काम करतात, प्रॅक्टिकल स्वतःच्या हाताने होतं की पुढे सर करतात आणि बाकीचे बघतात, महागडी मशीन आहेत तर त्यांचं वापराचं रजिस्टर असतं त्यात शेवटची नोंद कधीची आहे आणि कोणाची आहे. मशीन असणं वेगळं आणि तुझा हात त्याला लागणं वेगळं. नोटीस बोर्ड नीट वाच, तो खोटं बोलत नाही, सेमिनारच्या नोटिशीवर तारीख या महिन्याची आहे की दोन वर्षांपूर्वीची, इंटर्नल परीक्षेचं टाइमटेबल लागलंय का, विद्यार्थ्यांचं काही काम लावलंय का. लेक्चरला बसलीस तर सर कसे शिकवतात याच्याइतकंच मुलं प्रश्न विचारतात का ते बघ, आणि लेक्चर संपल्यावर दोनचार जण सरांभोवती थांबतात का सगळे पळतात. फर्स्ट इयरला शिकवतं कोण तेही विचारायचं, माहितीपत्रकावर ज्यांचे फोटो असतात ते की दर सेमिस्टरला बदलणारे तासिका तत्त्वावरचे शिक्षक. तात्पुरते शिक्षक वाईट शिकवतात असं अजिबात नाही, पण पुढच्या वर्षी अडचण घेऊन गेलीस तर ते तिथे असतील का हा प्रश्न आहेच.

शिक्षकांवर मी इतका जोर देते त्याला कारण आहे. २०१४ मध्ये गॅलप ही सर्वेक्षण करणारी कंपनी आणि पर्ड्यू युनिव्हर्सिटीने अमेरिकेतल्या ३० हजारांहून जास्त पदवीधरांना त्यांच्या कॉलेजच्या दिवसांबद्दल आणि आताच्या कामाबद्दल विचारलं. ज्यांना आपली माणूस म्हणून काळजी करणारे शिक्षक भेटले, शिकण्याची गोडी लावणारे एक तरी सर किंवा मॅडम भेटल्या आणि पाठीशी उभा राहणारा मेंटर मिळाला, ते आज आपल्या कामात मनापासून गुंतलेले असण्याची शक्यता दुपटीहून जास्त दिसली. कॉलेज सरकारी की खाजगी याने त्यात फारसा फरक पडला नाही. आणि या तिन्ही गोष्टी मिळाल्या असं ठामपणे म्हणणारे होते फक्त १४ टक्के. आता हे लोकांनी स्वतः सांगितलेलं आहे, यामुळेच ते झालं असं यातून सिद्ध होत नाही, पण माझ्यासमोर बसलेल्या मुलांकडून मी जे ऐकते त्याच्याशी हे फार जुळतं. कॉलेज अर्धवट सोडून आलेल्या मुलांना मी विचारते की अडलं तेव्हा कोणाकडे गेलास, तर बहुतेक वेळा उत्तर असतं, कोणाकडेच नाही.

म्हणूनच सिनियर मुलांना विचारायचा माझा सगळ्यात आवडता प्रश्न हा की "शेवटचं कधी एखादा विषय डोक्यावरून गेला, तेव्हा कोणाकडे गेलास?" कॉलेज कसं आहे असं विचारलं की सगळे चांगलं आहे म्हणतात. हा प्रश्न विचारला की एकतर पटकन नाव येतं नाहीतर मुलं एकमेकांकडे बघतात. दुसरा प्रश्न, तुमच्याबरोबर सुरुवात केलेल्यांपैकी कोणी सोडून गेलं का आणि का गेलं. टूर देणाऱ्याला नाही विचारायचं हे, कॅन्टीनमध्ये किंवा लायब्ररीच्या पायरीवर बसलेल्या सेकंड, थर्ड इयरच्या मुलांना विचारायचं.

बाबांना मी वेगळी कामं दिली, आणि ती त्यांनी फार मन लावून केली. हॉस्टेल बघायचं, पण सॅम्पल रूम नाही, कोणीतरी राहत असलेली खोली त्या मुलांना विचारून बघायची, आणि बाथरूम बघायचंच. पाणी कधी जातं ते वॉर्डनला नको, मुलांना विचारायचं. हॉस्टेलपासून डिपार्टमेंटपर्यंत स्वतः चालत जायचं आणि जमलं तर अंधार पडल्यावर परत एकदा, दिवे कुठपर्यंत आहेत, लायब्ररी बंद होते त्या वेळेला रस्त्यावर माणसं असतात का. प्लेसमेंटचा सरासरी आकडा ऐकून यायचं नाही, कारण दोनचार मुलांना मोठे पगार मिळाले की सरासरी वर जाते. मधला आकडा विचारायचा, म्हणजे निम्म्या मुलांना ज्यापेक्षा जास्त आणि निम्म्यांना कमी मिळालं तो, आणि तो या डिपार्टमेंटचा, पूर्ण युनिव्हर्सिटीचा नाही, आणि एकूण किती मुलांपैकी किती जणांना नोकरी लागली हेही. प्रवेश रद्द केला तर फी किती परत मिळते ते लेखी घ्यायचं.

आईला सांगितलं आरोग्य केंद्र आणि समुपदेशन केंद्र बघून या. हे कोणी म्हणजे कोणीच बघत नाही हो, आणि माझा जीव तिथेच अडकलेला असतो. घर पहिल्यांदा सोडलेलं मूल, नवीन जागा, पहिल्या परीक्षेत कमी मार्क, अशा वेळी तिथे दार उघडं आहे का? नुसती पाटी बघून परत यायचं नाही, पहिली अपॉइंटमेंट किती दिवसांनी मिळते ते विचारायचं, तिथे बोललेलं डिपार्टमेंटला कळतं का ते विचारायचं, रात्री काही झालं तर कोणाला फोन करायचा ते विचारायचं. विद्यापीठांच्या समुपदेशन सेवांना मान्यता देणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था दर १००० ते १५०० विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक असावा असं सांगते, त्यावरून तिथे किती जण आहेत याचा अंदाज घेता येतो. आणि त्रास देणं, छळ याची तक्रार कुठे करायची हे ऑफिसला नाही, तिथल्या मुलींना विचारायचं. त्यांना पटकन सांगता आलं तर ती व्यवस्था चालते, नाही सांगता आलं तर कागदावर आहे असं समजायचं.

शेवटची अट, परतीच्या प्रवासात कोणी काही बोलायचं नाही. तिघांनी आपापलं वेगळं लिहून काढायचं, मग रात्री वाचायचं. एकाने आधी मत दिलं की बाकीचे एकतर त्याला धरून बोलतात नाहीतर त्याच्या विरोधात, स्वतः बघितलेलं मागे पडतं.

दुसऱ्या खेपेला आले तेव्हा मुलगीच आधी बोलायला लागली, वहीत बघून बघून. ओपन डेवाल्या ठिकाणी लॅब सुंदर होती पण फर्स्ट इयरच्या मुलांना तिथे जेमतेम नेतात, बॅच खूप मोठी, काही प्रयोग व्हिडिओवरच दाखवतात असं मुलांनीच सांगितलं. दुसऱ्या ठिकाणची लॅब जुनी, भिंतीला ओल, पण रजिस्टरमध्ये सेकंड इयरच्या मुलांच्या सह्या होत्या आणि एका मॅडमनी तिला थांबवून स्लाइड बघायला दिली. तिला तेच हवं होतं, बाबा म्हणत होते म्हणून नाही.

गंमत म्हणजे आता बाबाच कचरत होते. तिथल्या हॉस्टेलमध्ये जागा फक्त पहिल्या वर्षाची नक्की, पुढे नाही, आणि खोलीत तिघी. त्यांचं म्हणणं की सुरुवातीपासूनच बाहेर एकटीसाठी चांगली खोली घेऊन देतो. त्यांची काळजी खोटी नव्हती. पण मी त्यांना अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या एका जुन्या अभ्यासाबद्दल सांगितलं, १९५० मध्ये प्रसिद्ध झालेला, विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीतला. आपले जवळचे मित्र कोण असं विचारलं तर अगदी शेजारच्या दारातल्या लोकांपैकी ४१ टक्क्यांची नावं आली, एक दार सोडून पलीकडच्यांपैकी २२ टक्के, आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्यांपैकी फक्त १० टक्के. मैत्री इतकी साध्या अंतरावर ठरते. पहिल्या वर्षी, कोणाचीच ओळख नसताना, शेजारी दार असणं ही मोठी सोय आहे आणि बाहेरच्या छान खोलीत ती मिळत नाही. ज्या मुलांना गर्दीत झोपच येत नाही किंवा तब्येतीचं काही आहे त्यांची गोष्ट वेगळी, तिथे मी बाहेरची खोलीच सुचवते. हिचं तसं काही नव्हतं. शेवटी पहिलं वर्ष हॉस्टेल, दुसऱ्या वर्षी मैत्रिणींबरोबर बाहेर, आणि त्यासाठी आसपासच्या जागांची चौकशी बाबांनी आतापासून करून ठेवायची असं ठरलं.

ज्यांना लांबच्या अंतरामुळे किंवा खर्चामुळे जाणंच शक्य नाही त्यांनी युनिव्हर्सिटीच्या तयार व्हर्च्युअल टूरवर थांबू नका, तो त्यांनी निवडून दाखवलेला भाग असतो. डिपार्टमेंटला ईमेल करून सेकंड इयरच्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलणं करून द्या म्हणा, आणि तो तयार असेल तर व्हिडिओ कॉलवर हॉस्टेलपासून लॅबपर्यंत त्याच्याबरोबर चालत जा, वरचे सगळे प्रश्न तसेच विचारता येतात. आणि जाता येतंय पण हातात अर्धाच दिवस आहे असं असेल तर गाइडेड टूर सोडून द्या, मुलाला एका लेक्चरला बसवा, तेवढ्यात तुम्ही हॉस्टेल बघून घ्या, आणि निघण्याआधी त्याला तासभर एकट्याला कॅन्टीनमध्ये सोडा.