वडील रोज पितात, हल्ली विसरतात आणि सरळ थापा मारतात. बी-१२ च्या गोळ्या सुरू करू का?

तुम्ही लिहिलंय की वडील वीस वर्षं पितात, दोन महिन्यांपासून जेवण जवळजवळ बंद आहे, चालताना तोल जातो आणि कालचं विचारलं की काहीतरीच सांगतात. मी डॉक्टर नाही, पण हेच सगळं आमच्या घरात झालंय म्हणून लिहितोय. गोळ्यांचं नंतर बघा, आधी त्यांना आजच मोठ्या हॉस्पिटलला न्या.

आमचे तात्या, म्हणजे थोरले चुलते. रोज एक क्वार्टर, मग दोन, आणि जेवण म्हणजे चकणा. एकदा पाय फाकवून चालायला लागले, चालत्या एसटीत आपण पाय रोवून उभे राहतो ना तसे, आणि बाजूला बघायला सांगितलं की बुबुळं थरथरायची. आम्ही म्हणलं जास्त झालीय, झोपू दे. सकाळी गावातल्या डॉक्टरनं अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची बाटली चढवली आणि रात्रीपर्यंत तात्या घरातल्यांनाच ओळखेनात.

पुढच्या हॉस्पिटलात कळलं की मेंदूला साखर वापरायला बी-१ म्हणजे थायमिन लागतं, बी-१२ वेगळं. शरीरात त्याचा साठा असतो जेमतेम काही आठवड्यांचा, त्यात पोटात अन्न नाही आणि दारूमुळे आतडी ते नीट शोषत नाहीत. साठा संपत आलेला असताना नुसतं ग्लुकोज दिलं की उरलंसुरलंही खर्ची पडतं. शुगर खाली गेली असेल तर ग्लुकोज द्यावंच लागतं, पण सोबत थायमिन, तेही शिरेतून, कारण अशा माणसाला गोळी फारशी लागू पडत नाही. म्हणून भरती करताना किती पितात आणि किती दिवस जेवले नाहीत हे लाज न बाळगता सांगा. आम्ही 'कधीतरी घेतात' म्हणालो होतो.

या पहिल्या झटक्याला वेर्निके म्हणतात, १८८१ मध्ये त्याचं वर्णन करणाऱ्या जर्मन डॉक्टरच्या नावावरून. डोळे, तोल आणि गोंधळ ही तिन्ही लक्षणं एकदम दिसतीलच असं नाही, त्यामुळे वाट बघू नका. वेळेत थायमिन मिळालं नाही तर स्मृती जाते, तो कोर्साकोफ. दारू न पिणाऱ्यांनाही होतं बरं का, गरोदरपणात उलट्या थांबत नसल्या किंवा वजन कमी करायचं ऑपरेशन झालं असेल तर.

आता थापांचं. हाताला सुई टोचलेली, पलंगावर पडलेले तात्या सांगायचे, "सकाळीच पंढरपूरला जाऊन आलो, काय गर्दी होती." काकू चिडायची, एवढं खोटं कसं बोलवतं म्हणून. पण पंढरपूरला ते खरंच गेले होते, फक्त बारा वर्षांपूर्वी. नवीन काही डोक्यात टिकत नाही, मग मेंदू रिकाम्या जागी जुनं काहीतरी चिकटवतो आणि त्यांना स्वतःला ते खरंच वाटतं. वडिलांशी वाद घालू नका, नुसतं हूं म्हणा.

आणि हो, घरच्या घरी दारू एकदम तोडू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, जिवावर बेततं. ते पण हॉस्पिटलातच करायचं.

तात्यांचे डोळे दोन दिवसांत सुधारले, चालणं दोन-तीन महिन्यांनी, पण काठी राहिली. आठवण अर्धवटच आली. दारू सुटलीय, बी-१ ची गोळी चालू आहे, आणि जेवण झालं की काकू भिंतीवरच्या पाटीवर खडूनं 'जेवलात' लिहून ठेवते, नाहीतर दहा मिनिटांनी पुन्हा ताट मागतात.