सिकलसेल आहे म्हणून काट्यावरून काढलं, राजीनामा लिहून देऊ का?

नागभीडकडून एका भावानं लिहिलंय. वय 26, राइस मिलमध्ये तीन वर्षांपासून काट्यावर बसतो, म्हणजे धानाच्या ट्रॅक्टरचं वजन, पावती, रजिस्टर सगळं त्याच्याकडे. सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस, म्हणजे नुसता वाहक नाही, आजारच, लहानपणापासून, पण मिलमध्ये कोणाला माहीत नव्हतं. डिसेंबरात सलग आठ रात्री नाइट लावली, थंडीनं हातपाय दुखायला लागले, चार दिवस ॲडमिट राहावं लागलं, परत येऊन डिस्चार्ज कार्ड दाखवलं अन् तिथंच बिघडलं. मालक म्हणे, "तू इथं पडला तं केस माझ्यावर येईन, उद्यापासून येऊ नको, राजीनामा लिहून दे अन् हिशोब घेऊन जा." भाऊ विचारतो, सर, लिहून देऊ का, अन् मी दिव्यांगाच्या कायद्यात बसतो का.

तर भाऊ, राजीनामा लिहू नका. कोऱ्या कागदावर सही नाही, "स्वखुशीने" असलं काही नाही, अन् हिशोबाच्या पावतीवर "काही येणं बाकी नाही" असं आधीच टाइप करून ठेवलं असेल तर त्यावरही नाही. हिशोबासाठी राजीनाम्याची गरजच नाही, काढलं काय अन् सोडलं काय, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो, हे वेतन संहितेत सरळ लिहिलंय अन् ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. मालकाला काय पाहिजे ते समजून घ्या. तुम्ही स्वतः सोडलं असं कागदावर आलं की त्यानं काढलंच नाही, मग भरपाई कशाची अन् केस कशाची. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या निम्म्या लोकांची केस त्या एका चिठ्ठीतच मेलेली असते, अन् चिठ्ठी बहुतेक वेळा मिलच्याच बाबूनं लिहून दिलेली असते.

आता खरी लढाई कुठं होईल ते सांगतो. एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, अन् दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, म्हणजे तुमच्या तीन वर्षांचे 45 दिवस झाले. पण जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात या नोकरकपातीच्या व्याख्येत एक फट होती, सततच्या आजारपणामुळे काढलं तर ती कपात धरत नव्हते. मालकाचा वकील हाच दरवाजा ठोठावणार, म्हणणार हा माणूस कायमचा आजारी. म्हणून तुमचा सगळ्यात मोठा कागद डॉक्टरचा नाही, हजेरीचा आहे. तीन वर्षांत किती खाडे झाले ते काढा. तुम्ही लिहिलंय की मागच्या वर्षी मोजून 11 दिवस गेले, ॲडमिट धरून. अकरा दिवस म्हणजे सततचं आजारपण कसं काय, मिलमधले हट्टेकट्टे लोक लग्नसराईत अन् रोवण्याच्या वेळी याहून जास्त सुट्ट्या मारतात. काटा पावत्यांवर तुमची सही असते ना, त्या पावत्यांचे, हजेरी रजिस्टरचे फोटो, पगार जमा झालेलं पासबुक, सुपरवायझरचे व्हॉट्सॲपवरचे मेसेज, हे आधी जमवा, मिलमध्ये जायची सोय आहे तोवर. अन् मालक तुम्हाला मॅनेजर म्हणून दाखवायला बघेल, कारण मॅनेजर कामगार नसतो. काट्यावरचा बाबू कामगारच, घाबरू नका.

दिव्यांगांचं बोलू. 2016 च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे 21 प्रकार केले, त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया अन् हिमोफिलिया आहेत, म्हणजे तुम्ही बसता. पण दोन ठिकाणी आशा लावू नका. सरकारी नोकरीतलं चार टक्के आरक्षण रक्ताच्या आजारांना नाही. अन् नोकरीत भेदभाव करू नका, माणूस काढू नका, दुसऱ्या पदावर घ्या, हे कलम 20 चं बंधन सरकारी आस्थापनांवर आहे, तुमच्या मालकावर नाही. हे मला अर्धवट वाटतं, पण कायदा असाच आहे.

तरी खासगी मालक पूर्ण सुटत नाही. दिव्यांग म्हणून कोणाशी भेदभाव करायचा नाही हे कलम 3 मध्ये सगळ्यांसाठी आहे, अन् भेदभावाच्या व्याख्येतच असं आहे की माणसाला काम करता यावं म्हणून जी वाजवी सोय लागते ती नाकारणं हाही भेदभाव. ही सोय द्यायला 40 टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट लागतच नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2021 मध्ये विकास कुमारच्या केसमध्ये म्हटलंय, तिथं प्रश्न परीक्षेत लेखनिक मिळण्याचा होता. तुमची सोय काय? नाइट नको, पोती उचलायला लावू नका, काट्याच्या केबिनला दार असावं अन् आत पाण्याची एक कॅन. याला खर्च काय येतो बापा? लेखी मागितलं होतं का, नसेल तर आजच मागा. तोंडी सांगितलेलं कोर्टात सांगायला जड जातं.

युडीआयडी कार्डसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी अर्ज टाका, डॉक्टरांचं बोर्ड जिल्हा रुग्णालयात बसतं, एसएस की एएस ते सांगणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ततपासणीचा रिपोर्ट सोबत न्या, नुसत्या सोल्युबिलिटी टेस्टवर, म्हणजे प्राथमिक चाचणीवर भागत नाही. 20 किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर मिलला समान संधीचं सविस्तर धोरण लावून ठेवावं लागतं, पण मालक रजिस्टरवर आठ दाखवेल अन् बाकी हमाल टोळीवाले म्हणेल, म्हणून या मुद्द्यावर फार भिस्त नको. पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, करा, पण तिथून मुख्यतः शिफारस होते, कामावर परत घेण्याचा हुकूम कामगार कायद्यातून मागायचा.

त्यासाठी चंद्रपूरच्या सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज द्या. समेटाची बैठक लागेल, 45 दिवसांत काही जमलं नाही तर थेट कोर्टात जाता येतं, नव्या कायद्यात त्याला ट्रिब्युनल म्हणतात. मुदत दोन वर्षांची आहे, पण पुढचा सीझन सुरू व्हायच्या आत अर्ज गेला पाहिजे, नाहीतर तुमच्या जागी दुसरा मुलगा बसेल अन् मालक म्हणेल जागाच नाही. पैशाची काळजी असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा, दिव्यांगाला अन् अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो.

"हा तुमच्या लोकायचा रोग आहे" असं सुपरवायझर म्हटला तुम्ही लिहिलंय. ते कुठं म्हटला, कोण ऐकत होतं, ते लिहून ठेवा. अपमानाच्या हेतूनं चारचौघांत म्हटलं असेल तर दिव्यांग कायद्यात सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे, पण साक्षीदार नसताना ठाण्यात गेलात तर केस लटकते अन् नोकरीची बाजू मागं पडते. हमाल कोणी बोलायला तयार आहे का बघा, मग ठरवू.

बहिणीबद्दलही विचारलंय, ती एएस आहे अन् तिला अंगणवाडीतल्या कामावर भीती वाटते. एएस म्हणजे वाहक, आजारी नाही, दिव्यांग सर्टिफिकेट मिळणार नाही अन् कामाच्या ठिकाणी सांगायचंही कारण नाही. लग्नाच्या वेळी मात्र मुलाचीही टेस्ट करून घ्या.