स्लॅब टाकण्याआधी, वाडा सोडण्याआधी

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

मखमलाबादच्या प्लॉटवर काम जोत्यापर्यंत आलं आणि त्याच सुमाराला जुन्या नाशकातल्या तिवंध्याजवळच्या तुमच्या वाड्याचा सौदाही ठरला, हे वाचून बरं वाटलं आणि काळजीही वाटली. बरं यासाठी की दर पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा लागतात, आणि तुमच्या मागच्या खोलीची भिंत मी पाहिली आहे. ती माणसांनी खाली झोपावं अशी राहिलेली नाही. काळजी यासाठी की तुझ्या पत्रात नव्या घराची सगळी कामं तारीखवार आहेत. स्लॅब, वीटकाम, प्लास्टर, फरशी, रंग. जुन्या घराबद्दल मात्र एकच ओळ आहे: ‘दिवाळीआधी रिकामं करून द्यायचंय.’

मी आयुष्यभर इमारतींच्या भाराचे हिशेब केले आणि जुन्या नाशकातली कितीतरी कुटुंबं गंगापूर रोडला, इंदिरानगरला, म्हसरूळला राहायला जाताना पाहिली. नवी घरं बहुतेकांची नीट उभी राहिली. जुनं घर बहुतेकांनी टेम्पो बोलावून एका दुपारी सोडलं, आणि ते पुढं कित्येक वर्षं त्यांच्याकडून सुटलंच नाही. सणावाराला भांडणं झाली ती त्यावरून, म्हातारी माणसं अबोल झाली ती त्यावरून. घर बांधायला वेळ, माणसं आणि क्रम लागतो हे सगळ्यांना पटतं. घर सोडायलाही तेवढंच सगळं लागतं, आणि ते काम बांधकामाच्या बरोबरीनं चालवायचं असतं. तुझ्या हातात आत्ता दोन्ही घरं आहेत. असा काळ पुन्हा यायचा नाही.

म्हणून आधी कागदाचं सांगते. साठेखतात, म्हणजे विक्रीच्या करारात, ताब्याची तारीख काय लिहिली आहे ते नीट वाच. ‘दिवाळीआधी’ हे तोंडी असेल तर अजून बोलता येईल. ताबा नव्या घराच्या भोगवटा दाखल्याशी, म्हणजे घर राहायला तयार असल्याच्या महापालिकेच्या दाखल्याशी, जोडून घे, किंवा निदान दोन-तीन महिने सवलतीचे लिहून घे, त्यासाठी थोडी रक्कम घेणाऱ्याकडे मागं ठेवावी लागली तरी चालेल. बांधकाम लांबतं. कोणाच्या वाईटपणामुळं लांबतं असं नाही. पाऊस लागतो, गवंडी गावाला जातात, कर्जाचा पुढचा हप्ता बँक काम पाहिल्याशिवाय सोडत नाही. अशा वेळी वाडा रिकामा करून मधले सहा महिने भाड्याच्या घरात काढायचे म्हणजे तुझ्या आजीला दोनदा उठवणं. त्या वयात ते करू नये. आणि सीएला आजच भेट. राहत्या घराच्या विक्रीवरचा दीर्घ मुदतीचा नफा नव्या घरात घातला तर करसवलत मिळते, पण घर बांधत असाल तर विक्रीपासून ३ वर्षांत बांधून व्हावं लागतं, आणि विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न खर्चलेली रक्कम बँकेतल्या कॅपिटल गेन खात्यात ठेवावी लागते. ज्यांचा वाड्यात हिस्सा आहे त्या प्रत्येकाचा हिशेब वेगळा, हे लक्षात ठेव.

आता तुझ्या आत्यांविषयी, कारण तू लिहिलं आहेस की ‘त्यांच्या सह्या घेऊन टाकू’.

बाळा, असं लिहू नकोस, आणि असं करूही नकोस. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हे २००५च्या दुरुस्तीनं कायद्यात आलं. त्यासाठी २००५ साली वडील हयात असायला हवेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये स्पष्ट केलं. पण मला कायद्यापेक्षा वेगळंच सांगायचं आहे. तुला वाडा सोडून जायला नवं घर आहे. आत्यांना नाही. त्यांचं माहेर म्हणजे ती पडवी, तो चौक, पहिल्या बाळंतपणाची ती माडीवरची खोली. तुझ्या नव्या घरात त्या पाहुण्या म्हणून येतील, तू कितीही प्रेमानं बोलावलंस तरी. आपल्याकडे बहिणी भावाच्या मायेपोटी हक्कसोडपत्रावर निमूट सही करून देतात, आणि सगळे म्हणतात की किती समजूतदार. त्या समजूतदारपणाची किंमत कोणी विचारत नाही. वडिलांना घेऊन दोघींच्या घरी जा. सौदा कितीचा झाला तो आकडा सांग. तुमचा वाटा काय करायचा ते तुम्ही ठरवा, असं वडिलांच्या तोंडून येऊ दे. त्यांनी सोडला तर तो त्यांनी दिला असं होईल, तुम्ही घेतला असं नाही. आणि मग दोघींना चार दिवस राहायला बोलाव. सामान बांधायला नाही, नुसत्या राहायला. जावई नकोत, नातवंडं आली तर येऊ देत. त्या चार दिवसांत वाड्यात ज्या गोष्टी निघतील त्या तुला आजवर कोणी सांगितलेल्या नसतील. तू फक्त चहा करत राहा आणि ऐक.

तसंच, वाड्याची मापं घे. टेप, वही आणि सोबत एक माणूस, एवढंच लागतं. तळमजला, माडी, चौक, जिना, प्रत्येक देवळी, प्रत्येक फडताळ. आराखडा काढून ठेव, भिंतींची जाडीसुद्धा लिही. ज्यानं वाडा घेतला तो पाडणार आहे, हे तुलाही माहीत आहे. पाडल्यावर फोटो उरतात, पण फोटोत खोलीची खोली कळत नाही. आपल्या जुन्या नाशकातले कितीतरी वाडे कोणी एक कागदही न काढता गेले. तुमच्या वाड्याचा कागद राहिला तर तुझ्या मुलांना पणजी कुठं बसायची ते दाखवता येईल.

मापं घेताना माणसांकडेही बघ. आजी दुपारी कुठं टेकते, त्या ओट्याची उंची किती आहे, रात्री मोरीकडे जाताना तिचा हात कुठल्या खांबाला लागतो, ती सुपारी कातरायला कोणत्या उजेडात बसते. हे सगळं तुझ्या नव्या घराच्या नकाशात यायला हवं, आणि वीटकाम सुरू व्हायच्या आत यायला हवं. तिची खोली तळमजल्यावरच. बाथरूमचं दार तीन फुटी ठेव, म्हणजे उद्या वॉकर किंवा खुर्ची लागली तरी जाईल. उंबरठा सपाट. कमोडशेजारच्या भिंतीत धरायला दांडा बसवायचा असेल तर तिथं भरीव वीट हवी, हे गवंड्याला आधीच सांग. पुढच्या दाराशी बसता येईल असा ओटा बांध, दीड फूट उंचीचा, रस्त्याकडे तोंड करून. कंपाउंडच्या भिंतीमुळं रस्ता दिसत नसेल तर भिंत खाली घे आणि वर जाळी लाव. वाड्यात बसल्या जागी तिला सगळी गल्ली भेटायची. नव्या वस्तीत बंद गेटं असतात आणि दुपारी चिटपाखरू नसतं. एकटेपणानं माणसं खचतात, आणि त्याचं निम्मं औषध नकाशात असतं असं माझं ठाम मत आहे.

वाड्यात जे वाईट होतं ते मात्र मायेनं उचलून आणू नकोस. मधल्या खोल्यांचा अंधार, शिडीसारखा उभा जिना, भिंतींतली ओल, पावसात भांडी मांडून काढलेल्या रात्री. जिन्याची पायरी सहा इंचांपेक्षा उंच नको आणि पाऊल ठेवायला दहा-अकरा इंच हवेत. पश्चिमेच्या खिडक्यांना चांगले रुंद छज्जे दे, कारण आपल्याकडे उन्हाळ्यातलं दुपारचं ऊन आणि पावसाचा सपकारा दोन्ही तिकडूनच येतात.

सागवानाबद्दल तू खूप उत्साहानं लिहिलं आहेस. चारही खांब हॉलमध्ये उभे करायचे, वर तुळई दाखवायची. मला ते आवडत नाही, स्पष्ट सांगते. ज्या खांबानं दोन मजल्यांचा भार घेतला त्याला पीओपीच्या छताखाली पॉलिश करून उभं करायचं आणि पाहुण्यांनी त्याच्यासोबत फोटो काढायचे, यात त्याचा मान नाही. लाकूड चांगलं असेल तर त्याला काम दे. दिंडीचा दरवाजा नव्या घराचा दरवाजा होऊ दे. खांब कापून आजीच्या खोलीच्या खिडकीच्या चौकटी कर, झोपाळ्याला पाट कर, देवघर कर. त्याआधी प्रत्येक तुकडा ठोकून बघ. पोकळ वाजला किंवा मातीचे धागे दिसले तर वाळवी आहे, तो घरात आणू नकोस, कितीही जुना असला तरी. आणि ज्यानं वाडा घेतला त्याच्याशी लाकडाचा विषय लेखी ठरव. नाहीतर पाडणाऱ्याच्या ट्रकमधून ते जुन्या बाजारात जाईल आणि तुझ्या वडिलांच्या जिवाला लागेल.

बांधकामाचं आता थोडक्यात, कारण तुझा ठेकेदार मला बरा वाटला. जोत्यात भर घालताना खोदकामातून निघालेली काळी माती परत ढकलू देऊ नकोस. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि मग फरशा बसतात. मुरूम घाला, थराथरानं पाणी मारून धुम्मस करून घट्ट दाबा. स्लॅबला घाई अजिबात नको. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात, आणि ती पाण्यावर येते. साध्या सिमेंटला कमीत कमी ७ दिवस ओलावा लागतो, उन्हाळ्यात १०. हल्ली बहुतेक गोण्या मिश्र, म्हणजे राख किंवा स्लॅग मिसळलेल्या, सिमेंटच्या असतात, त्यांना १४ दिवस ओलं ठेवणं उत्तम. स्लॅबवर वाफे करून पाणी भरून ठेवा, संध्याकाळी नळी फिरवली म्हणजे झालं असं नाही. बीमखालचे टेकू १४ दिवसांच्या आत काढू देऊ नकोस, लांबी सहा मीटरहून जास्त असेल तर २१, आणि मिश्र सिमेंट असेल तर इंजिनिअरला विचारून त्याहूनही पुढं. सेंट्रिंगवाला दुसऱ्या साइटसाठी घाई करेल. त्याला चहा पाज, पण हो म्हणू नकोस.

हे पाणी मारायचे दिवस रिकामे वाटतात. साइटवर दाखवण्यासारखं काही होत नाही, आणि माणूस अस्वस्थ होऊन पुढची कामं रेटायला लागतो. ते दिवस वाड्याला दे. आत्यांना बोलवायचं ते तेव्हाच, मापं घ्यायची ती तेव्हाच, माळा उतरवायचा तोही तेव्हाच. बंब, गंगाळं, जातं, पाटा-वरवंटा, ताटल्यांवर कोरलेली नावं, हे सगळं चौकात मांडा आणि घरातल्या सगळ्यांना दोन-तीन दिवस बघू द्या. जे वापरलं जाईल ते घ्या. ज्यावर कोणाचं मन आहे ते त्या माणसाला द्या. सिंहस्थात रामकुंडावर स्नानाला येणारे नातेवाईक तुमच्याकडेच उतरायचे, त्यामुळं गाद्या आणि मोठी पातेली ढीगभर निघतील. २०२७ला त्यांना मखमलाबादला उतरावं लागेल. तेव्हा चार गाद्या आणि एक मोठं पातेलं ठेवा, बाकी गरजूंना द्या.

वास्तुशांत मुहूर्तावर करून घ्या, त्याला माझा विरोध नाही. पण मुहूर्त साधला म्हणून अर्धवट घरात राहायला जाऊ नका. भोगवटा दाखला, पाण्याची जोडणी, वीज, जिन्याचा कठडा, एवढं झाल्याशिवाय आजीला हलवायचं नाही. हलताना वाड्यातलं स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी मोडा आणि नव्या घरात सगळ्यात आधी लावा. डबे कुठं ठेवायचे ते आजीला सांगू दे, तुझ्या आईनं आणि पुढं येईल त्या सुनेनं नंतर हवं तर बदलावं. देव आजीनं स्वतः घेऊन जायचे, टेम्पोत नाही, रिक्षात मांडीवर.

तू विचारलं आहेस की आजीला हे सगळं कधी सांगायचं. आज सांग. तिला कळलेलं आहेच. घरात माणसं खालच्या आवाजात बोलायला लागली की म्हाताऱ्यांना सगळं कळतं. तिला प्लॉटवर ने, वर्षातून एकदा दाखवायला म्हणून नाही, दर आठवड्याला. खुर्ची टाकून दे. कुंपणाकडेला कढीपत्ता आणि पारिजातक तिच्या हातानं आत्ताच लावून घे, म्हणजे राहायला जाईपर्यंत ते जीव धरतील. आणि तिला हेही सांग की गल्ली कोणी विकलेली नाही. रंगपंचमीला तिवंध्याची रहाड, तो जमिनीतला रंगाचा हौद, उघडेल तेव्हा तुम्ही सगळे तिथं असाल. गोदेला पाणी आलं की नदीतला दुतोंड्या मारुती किती बुडाला ते बघायला तू तिला घेऊन येशील. हे नुसतं बोलू नकोस. पहिली दोन वर्षं नेमानं कर. त्यानंतर मन आपोआप ठरवतं किती यायचं ते.

तुझ्या वडिलांविषयी तू काहीच लिहिलं नाहीस. ते ‘तुम्ही ठरवाल ते’ म्हणत असतील. त्यांना ठेकेदाराच्या हिशेबाची वही सांभाळायला दे, आणि वाड्याच्या मापांत टेपचं दुसरं टोक त्यांच्या हातात दे. त्यांनी त्या भिंतींना हात लावून लावून निरोप घ्यायला हवा. बसून ते त्यांना जमणार नाही.

सळई बांधून झाली की काँक्रीटच्या आदल्या दिवशी सकाळी मला बोलव. विजेचे पाइप आणि पंख्यांचे बॉक्स बसवून झालेले असू देत, आणि सळईखाली तिला फळ्यांपासून वर धरणारे कव्हर ब्लॉक नीट लावलेले असू देत, कारण एकदा काँक्रीट पडलं की मला काही बघता येत नाही. आत्यांचे दिवस ठरले की तेही कळव. धाकटीला मी शाळेपासून ओळखते, एक दुपार मीही वाड्यावर येईन.

तुझी,
मावशी