व्यायामाने मन शांत होतं का? एका पी.टी.च्या मास्तरचं उत्तर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: रोज रात्री साडेनऊ ते साडेदहा जिम, वजनं वाढत चाललीत, तब्येत ठणठणीत, तरी चिडचिड आणि बेचैनी आहे तशीच. मग व्यायामाने भावनांचा तोल राहतो, प्राणशक्ती वाढते, अध्यात्माला मदत होते, हे खरं की नुसत्या बोलायच्या गोष्टी?

नुसत्या व्यायामाने माणूस शांत झाला असता, तर शाळेतले पी.टी.चे सर सगळ्यांत शांत असायला हवे होते. तुमच्या शाळेतले आठवून बघा! सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत मी 27 वर्षं तोच मास्तर होतो. गळ्यात शिट्टी, आणि आवाज मैदानापलीकडच्या एस.टी. थांब्यापर्यंत. पहाटे दोनशे जोर, तीनशे बैठका, आणि आठ वाजता शर्टाला इस्त्री नाही म्हणून घरात आदळआपट. बेचाळिसाव्या वर्षी रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "व्यायाम करता का?" मी उत्तर द्यायच्या आत बायकोला हसू फुटलं.

तेव्हा तुमची चिडचिड मला परकी नाही.

माझं चुकत काय होतं ते मला बऱ्याच उशिरा कळलं, आणि कळलं तेही एका आजींमुळे. बदली रजा साठवून एकदा वारीला गेलो. आळंदीहून पुणे, पुण्यात मुक्काम, आणि मग पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा लांबलचक टप्पा. मी आपला कदमतालात निघालेला. छाती पुढे, टाचा दणादण, घाटाच्या पायथ्याशी येईपर्यंत तोंडाने श्वास सुरू. शेजारी डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या परभणीकडच्या एक आजी, वय सत्तरीच्या पुढे, अभंग म्हणत चाललेल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माऊली, पायाशी भांडान हाय का तुमचं? टाळावर सोडा की त्यांना."

सोडले. दोन-तीनशे पावलांत श्वास नाकात परत आला. मग लक्षात आलं की त्या गात होत्या आणि मी गाऊ शकत नव्हतो. चढ एकच, ऊन एकच, वयात तीस वर्षांचं अंतर, तेही माझ्या बाजूने.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर सगळं इथंच आहे: व्यायाम करताना तोंडातून शब्द निघतो का?

हे काही मी लावलेले शोध नाहीत. आयुर्वेदात व्यायाम 'अर्धशक्ती'ने करावा असं सांगितलंय, आणि अर्धी शक्ती संपली हे ओळखायची खूणही दिलीय. सुश्रुत म्हणतो, हृदयातला वायू तोंडाशी आला की समजावं, निम्मं बळ खर्च झालं. म्हणजे धाप लागून तोंड उघडलं की थांबा. वाग्भट तर अति व्यायाम करणाऱ्याला हत्ती ओढायला निघालेल्या सिंहाची उपमा देतो. ओढता ओढता सिंहच मरतो. हे वाचलं तेव्हा मला माझे दोनशे जोर आठवले. कुस्तीच्या पैलवानाला अर्धशक्ती पुरणार नाही, त्याचा तो धंदाच आहे. पण आपल्याला कुठं आखाडा मारायचाय?

सूर्यनमस्कारांचंही तसंच. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते संस्थानातल्या शाळाशाळांत नेले, स्वतः आयुष्यभर घातले. आमच्याकडे रथसप्तमीला सामुदायिक नमस्कार व्हायचे आणि लाऊडस्पीकरवरून मीच आकडे मोजायचो, मंत्र गाळून. वेळ वाचतो ना! मित्र, रवी, सूर्य, भानू अशी बारा नावं कशाला म्हणत बसायची? आता वाटतं, त्या मंत्राचं एक काम अगदी साधं होतं. दोन नमस्कारांच्या मध्ये उभं राहून 'ॐ मित्राय नमः' मोठ्याने म्हणायचं, म्हणजे आपोआप थांबावं लागतं, आणि म्हणता येत नसेल तर दम लागलाय हे तिथंच कळतं. आम्ही विश्रांती कापली आणि वर म्हणायला लागलो की मुलांना शिस्त लावतो.

2001 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी एक मजेशीर मोजणी केली होती. ख्रिस्ती जपमाळ आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा बौद्ध मंत्र, दोन्ही म्हणणाऱ्यांचा श्वास मिनिटाला जवळपास सहावर आला. एरवी बसल्या जागी आपण बारा ते वीस वेळा श्वास घेतो. इतक्या संथ लयीत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांचा मेळ सुधारतो, असं त्यांना दिसलं. वारीत मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी हरिपाठ चालतो तेव्हा माणसं का निवतात, याचा थोडा उलगडा मला त्यात झाला. सगळा नाही. श्रद्धेचा भाग यंत्रावर येत नाही, आणि यावा असा माझा हट्टही नाही.

आता मनाबद्दल. 'व्यायाम केला की एंडॉर्फिन सुटतं' हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. गोष्ट तितकी सरळ नाही. रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. व्यायामानंतरच्या त्या हलकेपणामागे आणखी एका रेणूचा हात असावा असं आता मानतात. 1992 मध्ये जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत तो सापडला आणि त्याचं नाव ठेवलं 'आनंदमाइड', आपल्या संस्कृत 'आनंदा'वरून. आम्ही शाळेत 'आनंददायी शिक्षण' म्हणत छड्या मारत होतो, आणि तिकडे ती माणसं रसायनाला आनंदाचं नाव देत होती!

पण रसायनापेक्षा मला एक दुसरी गोष्ट मोठी वाटते. नववीतला एक मुलगा तोंडी परीक्षेच्या आधी थरथरायचा. छाती धडधडायची, आणि छाती धडधडतेय याचीच त्याला जास्त भीती वाटायची. मी त्याला आठवडाभर परीक्षेआधी मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या, बेताच्या. धडधड तीच, घाम तोच, पण इथं काही वाईट होत नाही हे अंगाला कळलं. मन समजावून ऐकत नाही, अंगाला सवय झाली की ऐकतं. रागाचंही तेच. राग आला की आधी श्वास वर जातो, जबडा आवळतो. रोज धाप लागूनही श्वास नाकात परत आणायची सवय असेल, तर भांडणातही तो परत येतो. माझा येतो. दहापैकी सहा वेळा म्हणा. बायको चार म्हणते.

खरं नैराश्य असेल तर मात्र गोष्ट वेगळी. 1999 मध्ये अमेरिकेत पन्नाशीपुढच्या 156 नैराश्यग्रस्तांवर 16 आठवड्यांचा अभ्यास झाला. त्यात नियमित व्यायाम करणारा गट शेवटी औषध घेणाऱ्यांच्या जवळपास बरोबरीने सुधारला. पण औषधाचा गुण लवकर दिसला होता, आणि हे सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली चाललेलं. त्यामुळे 'गोळ्या सोड, पळायला जा' असं कोणी सांगत असेल तर त्यालाच पळवा. दोन आठवडे झोप, भूक, कामात मन, काहीच जागेवर नसेल तर डॉक्टरांना भेटा. मनाच्या त्रासावर फोनवरून सल्ला देणाऱ्या टेलिमानस सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं.

प्राणशक्तीची माझी व्याख्या अगदी गावठी आहे. व्यायाम संपल्यावर अंग हलकं वाटतं की सोफ्यावर टाकावंसं वाटतं? वाग्भटाने व्यायामाच्या फायद्यांत पहिला शब्द 'लाघव' टाकलाय, म्हणजे हाच हलकेपणा. मेद झडणं नंतर येतं. जिममध्ये यादी बरोबर उलटी लागते.

अध्यात्माबद्दल मी जपून बोलतो, कारण माझी तिथली इयत्ता पहिलीच्या आसपास आहे. व्यायामाने देव भेटत नाही. पण तालमीत शिरताना पोरं लाल मातीला हात लावून कपाळी नेतात, कोनाड्यातल्या मारुतीपुढे वाकतात, आणि पडलेला पैलवान पाडणाऱ्याच्या हातात हात देतो. या वाकण्यात काहीतरी आहे. समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळीला रोज बाराशे नमस्कार घातले असं परंपरा सांगते; आकडा सोडा, पण जप आणि नमस्कार एकाच माणसाने एकाच पहाटे केले, वेगवेगळ्या खात्यांत टाकले नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं. जिममध्ये चारही भिंतींना आरसे. तिथं वाकायचं कुणापुढे? कानात गाणी, समोर आपलाच दंड, शेजारचा किती वजन उचलतो ते मोजायचं. यात मन शांत होईल असं मला वाटत नाही, दंड होईल.

जिम सोडा असं म्हणत नाहीये. वजनं उचलणं चांगलंच आहे, माझ्या वयाला तर गरजेचं. फक्त आठवड्यातले दोन दिवस असे ठेवा की ज्यांत आकडा नाही: बारा नमस्कार मंत्रासकट, किंवा चालणं, जमलं तर कुणाशी गप्पा मारत.

आणि तुमच्या प्रश्नात शेवटी सहज एक ओळ आलीय, जिमआधी पाण्यात पावडर घेतो म्हणून. डबा उलटा करून कॅफीन किती आहे ते वाचा. अशा बऱ्याच पावडरींत एका मापाला 150 ते 300 मिलिग्रॅम असतं, म्हणजे दोन-तीन कप कडक कॉफी. ते निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. सव्वानऊला घेतलं तर रात्री सव्वादोनला निम्मं अंगातच. अध्यात्म, प्राणशक्ती वगैरे नंतर बघू, आधी पंधरा दिवस ती पावडर बंद करा आणि जिम सकाळी न्या. एकदम डोकं दुखायला लागलं तर कमी कमी करत सोडा. झोप कशी लागते ते इथंच खाली लिहा, मी रोज पहाटे बघतो.