आंब्यावरच्या बांडगुळाचा काढा मधुमेहावर चालतो का? त्यावर खरंच संशोधन झालंय का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात कारेलीबागेत घरामागच्या आंब्यावर बांडगूळ माजलंय, ओळखीच्या एका काकांनी त्याच्या पानांचा काढा साखरेवर रामबाण म्हणून सांगितलाय, आईंनी तो घ्यायचाच असा हट्ट धरलाय, आणि तुम्हाला विचारायचंय की यामागे काही संशोधन आहे का आणि आंबा वाचवायचा कसा. मी इथेच फार्मसीच्या मुलांना वनौषधी शिकवते. हा काढा दर वर्षी कुणी ना कुणी माझ्यापुढे आणून ठेवतंच.

आधी उत्तर देऊन टाकते. काढा नको. संशोधन आहे, पुष्कळ आहे, पण ते आईंच्या पेल्यापर्यंत पोचलेलं नाही. आणि बांडगुळाच्या बाबतीत एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, तो म्हणजे ते कुठल्या झाडावरचं आहे. काकांनी निदान आंब्यावरचं म्हणून सांगितलं, हेही बऱ्याच शोधनिबंधांपेक्षा बरं.

आपल्याकडे आंब्यावर सर्रास दिसतं ते डेंड्रोफ्थी फाल्काटा. गुजराती लोक त्याला वांदो म्हणतात. जाड, चामड्यासारखी पानं, नारिंगी-लाल नळीसारखी फुलं. सालिम अलींनी १९३१ साली कोकणातल्या बांडगुळांवर लिहिलं होतं, त्यात शिंजीर आणि फुलटोच्या या दोन पक्ष्यांचं काम मांडलंय. फुलांचं परागीकरण शिंजीर करतो, बिया पसरवतो फुलटोच्या. फळातला गर इतका चिकट असतो की विष्ठेबरोबर आलेली बी सुटता सुटत नाही. पक्ष्याला बूड फांदीवर घासावं लागतं, आणि बी नेमकी हवी तिथे चिकटते. मग तिचं टोक सालीवर दाबून बसतं, साल भेदतं आणि आंब्याच्या लाकडाला जाऊन भिडतं. कापलेली एखादी फांदी हाताशी आली तर ती गाठ उभी चिरून बघा. बाहेरून नुसती सुजल्यासारखी दिसते, आत दोन लाकडं एकमेकांत घुसलेली असतात आणि एक कुठे संपून दुसरं कुठे सुरू होतं ते बोट ठेवून सांगणं अवघड जातं.

बांडगूळ सगळं आयतं खातं असं मात्र नाही. पानं हिरवी आहेत, साखर ते स्वतः बनवतं. झाडाकडून घेतं ते मुख्यतः पाणी आणि क्षार. (आणंद-खेड्याकडे तंबाखूच्या शेतात वाकुंबा येतो, तो खरा आयतखाऊ. हिरवेपणाच नाही, त्यामुळे सगळाच खर्च तंबाखूच्या माथी.) पण पाण्याबरोबर त्यात विरघळलेलंही येतं, आणि आपल्या गोष्टीतली खरी मेख तिथे आहे. कण्हेरीवर वाढलेल्या बांडगुळात कण्हेरीतली, हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं सापडल्याच्या नोंदी आहेत. कुचल्यावरच्या बांडगुळात कुचल्याचं स्ट्रिक्नीन हे जहाल विष उतरतं, हे एकोणिसाव्या शतकातच लक्षात आलं होतं. अमेरिकेत लिन अ‍ॅडलर यांनी २००० साली याचा स्वच्छ प्रयोग प्रसिद्ध केला. कॅस्टिलेजा नावाची अर्धपरजीवी (बांडगुळासारखीच, हिरवी असूनही दुसऱ्यावर जगणारी) वनस्पती त्यांनी ल्युपिन या शेंगा धरणाऱ्या झाडाच्या कडू आणि गोड अशा दोन्ही वाणांवर वाढवली. कडू वाणावरच्या झाडांत ल्युपिनचे अल्कलॉइड, म्हणजे त्याची कडू द्रव्यं, आले, किड्यांनी त्यांना कमी खाल्लं आणि बीही जास्त धरलं. वनस्पती तीच, फक्त ज्याच्यावर वाढली ते झाड वेगळं.

अमरवेलीचं तर विचारूच नका. कुंपणावर पसरलेली ती पिवळी दोऱ्यांची गुंतवळ सगळ्यांनी पाहिलेली असते. २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की तिचं कोवळं रोप टोमॅटोच्या वासाच्या दिशेने वळतं, गव्हाला फारशी दाद देत नाही. २०१४ साली कळलं की ती आणि यजमान झाड (ज्याच्यावर ती वाढते ते) यांच्यात आरएनएची, म्हणजे पेशीतले निरोप वाहणाऱ्या रेणूंची, मोठी देवाणघेवाण चालते, तीही दोन्ही बाजूंनी. २०२० साली तिच्या एका जातीबद्दल आणखी पुढची गोष्ट पुढे आली. त्या जातीत फुलायचा निरोप देणारं स्वतःचं प्रथिन धड तयार होत नाही; झाडाचं प्रथिन तिच्यात येतं आणि झाड फुलायला लागलं की तीही फुलते. जी वेल फुलायची वेळसुद्धा दुसऱ्याकडून घेते, तिच्या पुड्यावर नुसतं ‘अमरवेल’ लिहून काय कळणार? त्यातही समुद्राकाठी कॅसिथा नावाची अगदी तशीच दिसणारी वेल असते. कुळ वेगळं, अल्कलॉइड वेगळे, पण वाळवून पुड्यात भरली की दोघी बहिणी.

आता मधुमेह. बांडगुळाच्या अर्काने उंदरांची साखर उतरली असे निबंध तुम्हाला सहज सापडतील. ते वाचताना तीन गोष्टी बघा. पहिली, उंदराला मधुमेह कसा केला? बहुतेक वेळा स्ट्रेप्टोझोटोसिन किंवा अ‍ॅलोक्सान टोचून, म्हणजे इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीच मारून. तुमच्या आईंचा मधुमेह उतारवयातला, टाइप टू असणार. तिथे दुखणंच निराळं आहे. दुसरी, मात्रा. असल्या कामांत किलोमागे चारशे मिलिग्रॅम हा आकडा नेहमी भेटतो. उंदराची मात्रा माणसाला लावताना साधारण सहाने भागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज चारेक ग्रॅम अर्क. पानं नव्हेत, अर्क! तोही बऱ्याचदा अल्कोहोलमध्ये काढलेला. गॅसवर उकळलेल्या पाण्यात काय उतरतं आणि किती, याचा त्या निबंधाशी संबंध जोडता येत नाही. तिसरी गोष्ट मघाचीच: पानं कुठल्या झाडावरची? साहित्य आणि पद्धती या भागात वनस्पतीचं शास्त्रीय नाव असतं, हर्बेरियमचा (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा) नमुना क्रमांकही असतो, आणि यजमान झाडाच्या जागी कितीदा तरी ‘स्थानिक परिसरातून गोळा केले’ एवढंच. आमची मुलंही तशीच. ‘कुठल्या झाडावरून काढलंस?’ विचारलं की ‘मॅडम, मोठ्या झाडावरून.’

याउलट जुन्या वैद्यांकडे, आणि बडोद्यातल्या मांडवीकडच्या गांधींच्या, म्हणजे जडीबुटी विकणाऱ्यांच्या, दुकानांतही, बोलताना ‘आंब्याचा बांदा’, ‘बेलाचा बांदा’ असंच येतं. बांदा म्हणजे बांडगूळच. अमक्या नक्षत्रावर तमका बांदा काढून तिजोरीत ठेवायचा, हा त्याला चिकटलेला भाग मी सोडून देते. पण झाडाचं नाव जोडायची सवय मला आधुनिक प्रयोगशाळेपेक्षाही शहाणी वाटते.

इथे लोक लगेच गुळवेलीचं उदाहरण देतात: कडुलिंबावरची गुळवेल जास्त गुणकारी, कारण ती लिंबाचे गुण ओढून घेते. तो तर्क मात्र इथे लावू नका. गुळवेल परजीवी नाही. तिची मुळं जमिनीत असतात, लिंबाचा तिला फक्त आधार. तिच्याकडे शोषकमुळं नाहीतच. आणि तिच्याबाबतही २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की ती तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. मला त्या वादातून एवढंच घ्यावंसं वाटतं की आजारी पडल्यावरही कुणी काय प्यायलं होतं ते नक्की सांगता येत नव्हतं.

वनस्पतींतून औषध निघतच नाही, असं मी म्हणणार नाही, माझं पोटच त्यावर चालतं. आई बहुधा मेटफॉर्मिन घेत असतील. त्या गोळीचा माग गॅलेगा नावाच्या युरोपी वनस्पतीपर्यंत जातो. तिच्यातलं मूळ द्रव्य विषारी होतं, त्याच्या जवळचा रेणू १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झाला, आणि जाँ स्टेर्न यांनी तो मधुमेही माणसांत वापरल्याचं प्रसिद्ध केलं ते १९५७ साली. आंब्यावरच्या बांडगुळाची ही वाटचाल अजून उंदरांच्या पिंजऱ्याशीच आहे. शिवाय काढ्याने साखर खरोखरच उतरली तर? गोळ्या चालू असताना वर हा काढा म्हणजे साखर एकदम खाली जाऊन चक्कर, घाम, पडणं. आईंना हे सांगून बघा. ‘उपयोग नाही’ म्हटलं की मोठी माणसं ऐकत नाहीत, ‘जास्त उपयोग झाला तर पंचाईत’ म्हटलं की थोडं ऐकतात. तरीही घ्यायचाच असेल तर त्यांच्या डॉक्टरांना न सांगता नको.

झाडाचं काम सोपं आहे, कष्टाचं आहे इतकंच. नुसतं बांडगूळ ओरबाडून उपयोग नाही, आत राहिलेल्या भागातून ते पुन्हा फुटतं. गाठीच्या हातभर खाली, निरोगी लाकडात फांदी कापा. या जातीची मुळं सालीवरून सरपटत जाऊन पुढे ठिकठिकाणी आत शिरतात, तेव्हा फांदी वरपासून खालपर्यंत नीट बघा. खोडावरच बसलं असेल तर फांदीसारखं कापता येत नाही, दर वर्षी त्याचे फुटवे खुडत राहायचं. फळं पिकायच्या आत काम उरकलं तर शेजारच्या झाडांवर बिया जात नाहीत. आणि सोसायटीतल्या कडुलिंबावर एखादं असेल, झाड धडधाकट असेल, तर ते राहू द्या. पांढऱ्या-पिवळ्या पंखांवर लाल ठिपके असलेलं हळदीकुंकू फुलपाखरू बडोद्यात दिसतं ना, त्याच्या अळ्या याच पानांवर वाढतात. ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉटसन यांनी काही रानांतली सगळी बांडगुळं काढून टाकून पाहिलं, तर तिथल्या पक्ष्यांच्या जाती घटल्या. २०१२ साली ते प्रसिद्ध झालं.

जात नक्की करून हवी असेल तर फुलं असलेली एक डहाळी, गाठीचा तुकडा आणि त्याच फांदीवरची आंब्याची दोन-चार पानं वर्तमानपत्रात दाबून महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात घेऊन जा. कागदावर तारीख, जागा आणि आंबा हापूस, केसर की रायवळ, तेही लिहा.