ठरलेलं पुन्हा काढताना

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "अण्णा, अडीच वर्षं संपत आली, पण आता परिस्थिती बदललीय." मी नुसतं हं हं केलं, कारण गॅसवर चहा उतू चालला होता. आता सावकाश लिहितो.

सरपंच थेट जनतेतून, त्यामुळे वाटून घ्यायला उरतं ते उपसरपंचपद. नऊ सदस्यांत चार तुमचे, चार त्यांचे, एक कुंपणावरचा, म्हणून अडीच-अडीच वर्षं ठरलं, आधी तू, मग त्यांची बाई. आता त्यांचे दोघे तुमच्याकडे आलेत. परिस्थिती बदलली ती एवढीच. मग तसं सरळ म्हण, "गावाची इच्छा" मध्ये आणू नकोस. समोरच्यालाही हिशेब येतो.

आधी एक काम कर. त्या रात्री देवळाच्या ओसरीवर जे बसले होते, त्यांना एकेकट्याला गाठून विचार की नेमकं काय ठरलं होतं. उत्तरं जुळली नाहीत तर तुमचा मूळ करारच दोघांनी वेगवेगळा ऐकलाय. 2019 आठव. 18 फेब्रुवारीला युतीच्या नेत्यांनी मुंबईत जाहीर केलं की पदं आणि जबाबदाऱ्या समसमान. त्यात मुख्यमंत्रिपद धरायचं की नाही, हे मोघमच राहिलं. 24 ऑक्टोबरला निकाल आले, भाजप 105, शिवसेना 56, आणि शिवसेना म्हणे मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षं ठरलं होतं, भाजप म्हणे असं काही ठरलंच नव्हतं. 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. कोण खरं, यावर आपल्या पारावर अजून भांडणं होतात.

माझ्या वेळी आम्ही शहाणे ठरायला गेलो. तारीख न घातलेला राजीनामा आधीच लिहून घेतला. वहीचं फाडलेलं पान, निळी शाई, तारखेच्या जागी ठिपके. वेळ आली तेव्हा गृहस्थ म्हणाले, सही माझी नाहीच. पद गेलंच, वर त्यांच्या पोराच्या लग्नाचं बोलावणंही आलं नाही.

ठरलेलं पुन्हा उघडताच येत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ब्रेक्झिटच्या वेळी, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडत होता तेव्हा, तो संघ हेच म्हणत होता. तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार 15 जानेवारी 2019 ला संसदेत 432 विरुद्ध 202 मतांनी पडला. आयर्लंडच्या सीमेवर तपासणी नाके येऊ नयेत यासाठीची 'बॅकस्टॉप'ची तरतूद बदला, असं त्या ब्रुसेल्सला, म्हणजे संघाला, सांगत राहिल्या. तिच्या जागी काय, याचं उत्तर जवळ नव्हतं. मिळाली ती आश्वासनं, आणि करार आणखी दोनदा पडला. त्यांच्यानंतर पंतप्रधान झालेले बोरिस जॉन्सन 10 ऑक्टोबरला ज्याचं खरं दुखणं होतं त्याच्याशीच बोलायला बसले, आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान वराडकर यांच्याशी. आठवड्यात नवा करार झाला. सीमेवरची तपासणी समुद्रावर सरकली, ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये. किंमत मोजली ती ब्रिटनशी जोडून राहू पाहणाऱ्या, उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाने, ज्यांच्या परिषदेत जाऊन हेच जॉन्सन वर्षभरापूर्वी म्हणाले होते की असली व्यवस्था आपल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं कुठलंही सरकार मान्य करू शकत नाही, करूही नये. पुढे 2022 ते 2024 अशी दोन वर्षं त्या पक्षाने तिथलं सरकारच चालू दिलं नाही, आणि मध्ये 2023 मध्ये तोच विषय पुन्हा टेबलावर आला.

तुझ्या गावात डीयूपी कोण, ते तुला ठाऊक आहे. ती बाई अडीच वर्षं वाट बघतेय. नावापुढे 'उपसरपंच' लिहिलेली पाटीसुद्धा रंगवून घेतलीय म्हणे. तुमची पोरं तिच्या नवऱ्याशी, दिराशी, गटप्रमुखाशी बोलतील. तू तिच्याशी बोल, तिच्या ओट्यावर बसून, मुदत संपायच्या महिनाभर आधी. आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. "आम्हाला आणखी सहा महिने हवेत" ही मागणी झाली, त्याच्या बदल्यात पाणीपुरवठा समिती, तिच्या वस्तीचा रस्ता, काय सोडतेस ते आधी ठरव. ती नाही म्हणाली तर नाही. मग ठरल्या दिवशी राजीनामा सरपंचांकडे दे, तारीख स्वतःच्या हाताने घालून. नुसत्या राजीनाम्याने शब्द पाळला जात नाही बरं, पुढच्या सभेत तुमची मतं तिला पडायला हवीत. गुप्त मतदानाची मागणी झालीच तर कोण फुटेल, हे आजच हेरून ठेव.

मला विचारशील तर सहा महिने मागूच नकोस. पण तुझ्यावर पोरांचा दबाव आहे, हे मला दिसतं.

आणि ते जे दोघे तुमच्याकडे आलेत, ते कसल्या बोलीवर आलेत, हे तू अजून मला सांगितलेलं नाहीस.

तुझा,
अण्णा