ओळखीचे कुणी पॉझिटिव्ह निघाले? आधी दिवस मोजा

मे २०२१, कोरोनाची दुसरी लाट. महिना संपत आला तरी पत्रांचा ओघ थांबलेला नाही. बहुतेक पत्रे एकाच वाक्याने सुरू होतात, 'आमच्या ओळखीतले एक जण पॉझिटिव्ह निघाले.' त्यापुढचा गोंधळही ठरलेला असतो. चाचणी नको तेव्हा केली जाते आणि हवी तेव्हा होत नाही. ओळखीच्या पेशंटची औषधे, त्याचा सीटी स्कॅनचा स्कोअर, त्याचा अनुभव आपल्यालाही तसाच्या तसा लागू आहे असे धरले जाते. म्हणून या वेळी त्यातले काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या वरच्या मजल्यावरचे कुटुंब पॉझिटिव्ह आहे. आम्ही एकच लिफ्ट वापरतो. सगळ्यांनी टेस्ट करावी का? (गृहिणी, ठाणे)

लक्षणे नसतील तर नको. मास्क लावा, लिफ्टमध्ये एकटे जा, जिना चढता येत असेल तर जिन्याने जा.

प्रश्न : मी बँकेत आहे. सोमवारी १७ तारखेला सहकाऱ्यासोबत शेजारी बसून डबा खाल्ला. बुधवारी त्याला ताप आला, तो पॉझिटिव्ह निघाला. मी गुरुवारी आरटी-पीसीआर केली, निगेटिव्ह आली. आता कामावर जाऊ ना? (बँक कर्मचारी, सोलापूर)

नाही. हा रिपोर्ट तुम्हाला काहीच सांगत नाही, कारण चाचणी फार लवकर झाली. विषाणू शरीरात शिरल्यापासून स्वॅबमध्ये सापडण्याइतका वाढायला वेळ लागतो. लक्षणे साधारण पाचव्या दिवशी दिसतात, काहींना चौदाव्या दिवसापर्यंतही. लक्षणे सुरू होण्याच्या दोन दिवस आधीपासून माणूस संसर्ग देऊ शकतो. तुमच्या सहकाऱ्याचा ताप १९ तारखेचा, म्हणजे १७ तारखेचा डबा नेमका त्या काळात येतो. मास्क काढून, हाताच्या अंतरावर, पंधरा मिनिटांहून जास्त वेळ एकत्र बसणे म्हणजे 'हाय रिस्क' संपर्क.

तुमची चाचणी संपर्कानंतर पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान, म्हणजे २२ ते २७ मे या काळात व्हायला हवी. मधे लक्षण दिसले तर त्याच दिवशी करा. ती निगेटिव्ह आली तरी २०२१ च्या सूचनांप्रमाणे चौदा दिवस, ३१ मेपर्यंत, घरात वेगळे राहा. घरात आई-वडील असतील तर जेवणसुद्धा वेगळ्या खोलीत घ्या.

प्रश्न : पेशंटचे कपडे वेगळे धुवावेत का? ताट वेगळे ठेवावे का? (गृहिणी, चिपळूण)

कपडे न झटकता उचला आणि साबणाच्या पाण्यात घाला. भांडी साबणाने घासली की पुरे. हा संसर्ग मुख्यतः श्वासातून होतो. भांड्यांपेक्षा खिडकी उघडी आहे का ते बघा.

प्रश्न : कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगल्याने ऑक्सिजन वाढतो का? नाकात लिंबाचे थेंब टाकावेत का? (अनेक वाचक)

दोन्हींचे उत्तर नाही. कापराने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही, आणि त्या वाटण्यावर विसंबून पेशंट घरीच थांबतो.

प्रश्न : माझ्या भावाला एप्रिलमध्ये कोरोना झाला. त्याच्या डॉक्टरांच्या औषधांनी तो बरा झाला. आता मला आणि पत्नीला दोन दिवसांपासून ताप आहे. तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून औषधे आणली आहेत. त्यात मिथाइलप्रेडनिसोलोन आहे. मला डायबेटीस आहे. चालेल ना? (शेतकरी, बारामती तालुका)

चालणार नाही. या विषयावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण या लाटेत घरोघरी सर्वांत जास्त नुकसान याच चिठ्ठीने झाले.

मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही सगळी स्टिरॉइड्स आहेत. कोरोनाचा पहिला आठवडा विषाणूच्या वाढीचा असतो. तेव्हा शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्याशी झुंजत असते. स्टिरॉइड याच प्रतिकारशक्तीला आवर घालते. दुसऱ्या आठवड्यात काही पेशंटमध्ये प्रतिकाराचा अतिरेक होऊन फुप्फुसांना सूज येते आणि ऑक्सिजन घसरतो. तेव्हा हाच आवर जीव वाचवतो. औषध एकच असते, फरक फक्त दिवसांचा आणि ऑक्सिजनचा.

हा अंदाज नाही. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' या, पेशंटवर औषधे तपासून पाहणाऱ्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जून २०२० मध्येच आले. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, असा तो डोस होता. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवर असलेल्यांमधले सुमारे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना काहीही फायदा झाला नाही, उलट कल नुकसानीकडे होता.

तुमच्या भावाला ती गोळी कितव्या दिवशी दिली होती? तेव्हा त्याचा ऑक्सिजन किती होता? त्याला डायबेटीस आहे का? चिठ्ठीवर यातले काहीच लिहिलेले नसते. तुमचा आज दुसरा दिवस आहे. या गोळीने ताप लगेच उतरेल, अंगदुखी जाईल, भूकही लागेल. त्यामुळे बरे वाटेल आणि ऑक्सिजन मोजणे मागे पडेल. मग सातव्या-आठव्या दिवशी अचानक धाप लागते. तिकडे साखर तीनशे-चारशेवर गेलेली असते.

आणि वाढलेली साखर व जोडीला स्टिरॉइड हे काळ्या बुरशीला, म्हणजे म्युकरमायकोसिसला, आयते आमंत्रण आहे. एका बाजूचा गाल दुखणे किंवा बधिर होणे, नाकातून काळसर किंवा रक्ताळलेला स्राव, वरचे दात हलणे, टाळूवर काळा डाग, डोळ्याभोवती सूज, एकाच्या दोन वस्तू दिसणे, यातले एक जरी दिसले तरी त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचे. 'दाढ दुखत असेल' म्हणून अंगावर काढू नका. ही बुरशी डोळ्यापर्यंत आणि तिथून मेंदूपर्यंत जायला फार दिवस घेत नाही.

तुम्ही आता काय करायचे? गोळी सुरू केली नसेल तर करू नका. केली असेल तर किती घेतल्या ते लिहून आजच डॉक्टरांना फोन करा. काही दिवस घेतलेले स्टिरॉइड मनाने एकदम बंद करणेही धोक्याचे असते. ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजा. तापासाठी पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, दिवसातून तीन-चार वेळा ऑक्सिजनची मोजणी. आणि दोघांचीही चाचणी आजच.

प्रश्न : लॅबकडून 'कोविड पॅकेज'चा मेसेज आला, त्यात एचआरसीटी (छातीचा सीटी स्कॅन) आणि सीआरपी, डी-डायमर, आयएल-६ या रक्तचाचण्या आहेत. शेजाऱ्यांचा स्कोअर १४ आला होता म्हणून भीती वाटते. मला कालपासून घसा दुखतो. करून घेऊ का? (नोकरदार, पुणे)

नका करू. दुसऱ्या दिवशीचा एचआरसीटी बहुधा स्वच्छ येतो आणि खोटा धीर देतो. उलट, मुळीच त्रास नसलेल्यांच्या फुप्फुसांतही कधी कधी डाग दिसतात आणि ते आपोआप जातात. फुप्फुसांच्या पाच खंडांना प्रत्येकी पाचपैकी गुण देऊन २५ पैकी स्कोअर काढतात. तो डाग किती पसरले ते सांगतो. श्वास पुरतो आहे की नाही, ते ऑक्सिजन सांगतो.

सीटीमध्ये होणारा किरणोत्सर्ग साध्या एक्स-रेच्या कितीतरी पट असतो. त्यातून तुम्ही पॉझिटिव्ह असाल तर सेंटरमधल्या बंद खोलीत बसून इतरांना संसर्ग द्याल. राज्य सरकारने एचआरसीटीचे दर सप्टेंबर २०२० मध्येच मशीनच्या प्रकारानुसार दोन ते तीन हजार रुपयांपर्यंत बांधून दिले होते. तरीही पॅकेजच्या नावाखाली इतर चाचण्या गळ्यात मारल्या जातात. सौम्य आजारात, ऑक्सिजन व्यवस्थित असताना, त्यांची गरज नसते. ऑक्सिजन घसरला, धाप वाढत गेली, किंवा दाट संशय असून आरटी-पीसीआर निगेटिव्ह आली, तर सीटी लागतो, आणि तो कधी करायचा हे मेसेज नव्हे, तुमचे डॉक्टर ठरवतील. तुम्ही आज आरटी-पीसीआर करा.

प्रश्न : आमच्या ऑक्सिमीटरवर एका बोटावर ९१ दिसतो, दुसऱ्यावर ९७. कोणता खरा? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

बहुधा मोजण्याची पद्धत चुकते आहे. नखावर नेलपॉलिश किंवा बोटावर मेंदी नको. हात गार असेल तर चोळून ऊबदार करा. पाच मिनिटे शांत बसा. हात टेबलावर टेकवून मधले बोट आत पूर्ण घाला, नख वरच्या बाजूला. आकडा लगेच वाचू नका. तो अर्धा-एक मिनिट स्थिर राहू द्या. सोबत दिसणारे नाडीचे ठोके मनगटावर मोजलेल्या ठोक्यांशी जुळतात का पाहा. जुळत नसतील तर ऑक्सिजनचाही आकडा धरू नका. शंका असेल तर घरातल्या निरोगी माणसाला लावून बघा.

बसून ९५ किंवा जास्त आला की काम संपत नाही. खोलीत सहा मिनिटे न थांबता चाला आणि पुन्हा मोजा. साठीपुढच्यांनी तीन मिनिटे चालावे. आकडा ३ किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा ९४ च्या खाली गेला, तर डॉक्टरांना लगेच कळवा. बसल्याबसल्याच ९४ च्या खाली असेल, धाप असेल, किंवा दमा असेल तर ही चाचणी करू नका. ९० च्या खाली गेल्यास फोनाफोनीत वेळ न घालवता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा. लक्षणांच्या पाचव्या ते दहाव्या दिवसात ही मोजणी एकदाही चुकवू नका.

प्रश्न : गावात वडिलांना सहा दिवस ताप आहे. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासून 'टायफॉईड निघाला' म्हणून रोज सलाईन लावले. शेजारच्या घरात दोन कोरोना पेशंट होते. थांबावे का? (मुलगा, सध्या मुंबईत)

एक दिवससुद्धा थांबू नका. विडाल चाचणी (टायफॉईडसाठी केली जाणारी रक्ततपासणी) आपल्याकडे कित्येकांची जुन्या संसर्गामुळे पॉझिटिव्ह येते. एकट्या विडालवरून टायफॉईड ठरत नाही. या लाटेत ताप म्हणजे कोरोना समजूनच तपासणी करायची, बाकी नंतर. 'टायफॉईड' हे नाव घरच्यांना सोपे वाटते, चाचणी टळते, वाळीत टाकले जाण्याची भीती टळते. पण त्यात मोलाचे सहा दिवस गेले. तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्या माणसाला सलाईनची गरज नसते. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर त्याने अपायच होतो.

आजच त्यांचा ऑक्सिजन मोजायला सांगा. मीटर नसेल तर आशाताईंना फोन करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात अँटिजेन टेस्ट अर्ध्या तासात कळते. ती निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर द्यायची, पण रिपोर्टसाठी उपचार अडवून ठेवायचे नाहीत. उद्यापासून सातवा, आठवा, नववा दिवस आहे. कोरोना असेल तर बिघडण्याचे दिवस हेच.

प्रश्न : काकांना ॲडमिट केले आहे. नातेवाईक म्हणतात रेमडेसिविर (विषाणूविरोधी औषध) मिळवा, प्लाझ्मा (बरे झालेल्यांच्या रक्तातला द्रव) मिळवा. कुठे मिळेल? (औरंगाबाद)

तुम्ही शोधू नका. २०२१ मध्ये रेमडेसिविर रुग्णालयाने जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत मागवायचे होते. बाहेर चढ्या भावाने मिळणाऱ्या कुपीत काय भरले आहे याची खात्री कोण देणार? या औषधाने काही पेशंट लवकर सावरतात, पण ते मृत्यू टाळते असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीच्या ऑक्टोबर २०२० च्या निष्कर्षांत दिसले नाही. प्लाझ्मा तर १७ मे २०२१ रोजी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतूनच काढून टाकला गेला. काकांना ऑक्सिजन किती लिटर लागतो, कालपेक्षा वाढला की कमी झाला, एवढे रोज विचारा.

प्रश्न : चाळीत एकच खोली, सहा माणसे. भाऊ पॉझिटिव्ह आहे. घरीच ठेवू का? (परळ)

नको. स्वतंत्र खोली आणि शक्यतो स्वतंत्र संडास नसेल तर कोविड केअर सेंटर (सौम्य पेशंटना ठेवण्याचे केंद्र) हाच २०२१ मध्ये पर्याय होता. त्यासाठी वॉर्डच्या वॉर रूमला (खाटा देणाऱ्या महापालिकेच्या कक्षाला) फोन करावा लागे. जागा मिळेपर्यंत भावाला खिडकीशी झोपवा, टेबल फॅन खिडकीकडे तोंड करून ठेवा म्हणजे हवा बाहेर जाईल, आणि सगळ्यांनी घरातही मास्क लावा. संडास पुसायला एक टक्का हायपोक्लोराइट (जंतुनाशक द्रावण) लागते: ५ टक्क्यांचे द्रावण असेल तर एक भाग द्रावण, चार भाग पाणी. त्यात ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नका. विषारी वायू होतो.

प्रश्न : लक्षणे सुरू होऊन १९ दिवस झाले, बरा आहे. कंपनी निगेटिव्ह रिपोर्ट मागते, पण आरटी-पीसीआर पॉझिटिव्हच येते. (कामगार, चाकण)

मृत विषाणूचे तुकडे आठवडेच्या आठवडे सापडतात. केंद्राच्या २०२१ मधल्या सूचनांप्रमाणे सौम्य आजारात लक्षणांपासून दहा दिवस झाले आणि शेवटचे तीन दिवस ताप नसला तर विलगीकरण संपत असे. पुन्हा चाचणीची गरज नाही असे त्या सूचनाच सांगत होत्या. डॉक्टरांचा फिटनेस दाखला द्या.

प्रश्न : घरात पेशंट आहे आणि परवा माझा लसीचा दुसरा डोस आहे. जाऊ का? (वसई)

जाऊ नका, विलगीकरण संपू द्या. कोविशिल्डच्या दोन डोसांतले अंतर मे २०२१ मध्ये १२ ते १६ आठवडे केले गेले, त्यामुळे घाई नव्हती. स्वतःला कोरोना झाला तर बरे झाल्यावर तीन महिन्यांनी डोस, असा तेव्हा नियम होता.

प्रश्न : शेजारचे आजी-आजोबा दोघेही पॉझिटिव्ह आहेत. मुले परदेशात आहेत. आम्ही जवळ जायला घाबरतो, पण वाईटही वाटते. काय करता येईल? (सांगली)

पुष्कळ काही. डबा दाराबाहेर ठेवा, बेल वाजवून मागे व्हा. औषधे, ऑक्सिमीटरचे सेल, पाण्याचा जार तसाच पोचवा. आत जावेच लागले तर एन-९५ मास्क, खिडक्या उघड्या आणि कमीत कमी वेळ. त्यांच्या डॉक्टरांचा आणि मुलांचा नंबर स्वतःजवळ लिहून ठेवा. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या संपत आल्या नाहीत ना, तेही विचारा. या धावपळीत त्या हमखास राहून जातात.

सकाळ-संध्याकाळ फोन करा आणि 'बरं आहे ना' एवढेच विचारू नका, कारण 'बरं आहे' हेच उत्तर येते. ताप किती, बसून ऑक्सिजन किती, चालून किती, हे तीन आकडे विचारून तारखेसह वहीत लिहा. बोलताना कान देऊन ऐका. काल एका दमात वाक्य पूर्ण करणाऱ्या आजी आज दोन शब्दांवर थांबत असतील, किंवा आजोबा असंबद्ध बोलत असतील, किंवा फोनच उचलत नसतील, तर आकड्याची वाट न पाहता १०८ ला फोन करा आणि वही ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांच्या हातात द्या.